मे महिना, लग्नघर आणि दुपट्टा बांधलेला माणूस: जुना स्लॅशर विदर्भात नव्याने करायचा तर

स्लॅशर म्हणजे एकच खुनी एकेक करून माणसं मारत जातो असा भयपट. त्यातला १९७८ चा मूळ ‘हॅलोविन’ एकदा घड्याळ समोर ठेवून पाहा. ९१ मिनिटांच्या त्या चित्रपटात सुरुवातीचा खून आटोपला की पडद्यावर पुढचा खून व्हायला पाऊण तासाहून जास्त वेळ जातो. रक्त तर नावापुरतंच आहे. मधल्या सगळ्या वेळात मुखवट्यातला तो माणूस फक्त उभा राहतो: झुडपांच्या कुंपणाशी, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, शाळेच्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे. प्रेक्षक घाबरतो तो या उभं राहण्याला.

रीमेक करणाऱ्यांचा पाय बहुतेक वेळा इथेच घसरतो. २००७ मध्ये रॉब झोंबीने हाच चित्रपट पुन्हा केला आणि खुन्याचं बालपण, घरातली भांडणं, शाळेतली चिडवाचिडवी, रुग्णालयातली वर्षं असं सगळं दाखवलं. माणूस समजला आणि त्याची भीती ओसरली. दुसऱ्या टोकाचं उदाहरण १९९८ चं आहे. गस व्हॅन सँटने १९६० चा ‘सायको’ तीच पटकथा आणि तेच संगीत घेऊन जवळजवळ शॉटला शॉट जुळवून रंगीत केला. नायिका अर्ध्यातच मरते हा १९६० चा धक्का तोवर सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे एवढी मेहनत घेऊनही हाती काही लागलं नाही. माझ्या मते मूळ चित्रपटातून दोनच गोष्टी उचलाव्यात: खुनी आणि त्याच्या निशाण्यावरची मुलगी यांच्यातलं अंतर, आणि प्रेक्षकाला वाट पाहायला लावायची पद्धत. बाकी सगळं आपल्या गावचं असावं.

त्यासाठी आधी मूळ चित्रपट मोजून काढायचा. वहीत सहा रकाने आखा: मिनिट-सेकंद, खुनी किती फुटांवर, चौकटीत कुठे, त्याला कोण पाहतं, किती सेकंद दिसतो, आणि दिसेनासा कसा होतो. हे करायला एक पूर्ण दिवस लागतो, पण पटकथेचा निम्मा कणा त्यातून मिळतो. भरलेली वही पाहिली की एक अदलाबदल दिसते. दिवसा तो लांब असतो आणि त्याला बहुतेक वेळा ती मुलगीच पाहते. बाकीच्यांना तो तिचा भ्रम वाटतो. रात्री तो जवळ येतो, आणि आता पडद्यावरच्या लोकांना तो दिसत नाही, फक्त आपल्याला दिसतो. ही अदलाबदल मोडली की रीमेक नुसता खुनांची रांग होतो.

हक्कांचं इथेच सांगून टाकतो. १९७८ च्या चित्रपटाचे हक्क आजही मालकाकडे आहेत. तेच नाव, तोच मुखवटा, तेच संगीत, तेच प्रसंग वापरायचे तर परवाना हवा. पण कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच हे स्पष्ट केलं. म्हणजे ‘सणाच्या दिवशी तोंड झाकलेला माणूस आणि घर सांभाळत थांबलेली मुलगी’ एवढं घेऊन आपली गोष्ट नव्याने लिहिता येते.

रात्र कोणती निवडायची

मूळ गोष्टीत हॅलोविनची, म्हणजे पाश्चात्त्यांच्या भुताखेतांच्या सणाची, रात्र एकच काम करते: मुखवटा घातलेला माणूस त्या दिवशी कोणाला खटकत नाही. आपल्याकडे तसा दिवस कोणता? धुळवड सुचते, कारण सगळ्यांची तोंडं रंगलेली असतात. पण ती दुपारपर्यंत संपते. तान्हा पोळाही सुचतो, पण तो लहान पोरांचा सण आहे आणि पावसाळ्यात येतो.

माझी निवड मे महिन्यातलं लग्न. विदर्भात मेच्या उन्हात गडी असो की बाई, दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. कपाळापासून गळ्यापर्यंत तोंड झाकलेला माणूस गावातून हिंडला तरी कोणी वळून पाहत नाही. त्यात लग्नघर असेल तर अनोळखी माणूसही आपोआप पाहुणा ठरतो. वरपक्षाचा जानवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत, वधूकडचे पाहुणे घरात आणि शेजारच्या चार घरांत. कोणालाच सगळे चेहरे माहीत नसतात.

“कोण व्हय वो मावशी तो?”

“असन नवरदेवाकडचा.”

जानवशात हेच उलट्या बाजूने विचारलं जातं आणि उत्तर येतं, “नवरीकडचा असन.” या दोन वाक्यांत खुन्याला दोन्ही घरांत वाट मिळते. मूळ चित्रपटाने एवढी सोय सणाकडून करून घेतली होती. आपल्याकडे ती पाहुण्यांच्या यादीतच आहे.

दुसऱ्यांची लेकरं सांभाळणारी मुलगी हे मूळ नायिकेचं काम. इथे सगळे मंगल कार्यालयाकडे किंवा वरातीत गेले की घरात कोणाला तरी थांबावंच लागतं: झोपलेली लहान लेकरं, आहेराच्या पेट्या, दागिन्यांचं कपाट आणि उठू न शकणारी आजी. नवरीच्या चुलत बहिणीला थांबवा. करवलीला थांबवू नका, ती नवरीला सोडून घरी का आली हा प्रश्न गावातला प्रेक्षक पहिल्या मिनिटाला विचारेल.

आजच्या प्रेक्षकासाठी काय बदलायचं

मूळ खुनी मनोरुग्णालयातून पळालेला आहे. हे आता ठेवू नये. मानसिक आजार म्हणजे खुनशीपणा हे समीकरण चुकीचं आहे आणि गावात त्याचा त्रास खऱ्या माणसांना होतो. त्याहून जपायची गोष्ट म्हणजे ‘परका’. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षुकी करणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं; ती अफवा फोनवरून पसरली होती. म्हणून आपला खुनी कुठल्याही भटक्या जमातीचा, आदिवासी पाड्याचा किंवा परप्रांतातला दिसू नये. त्याचे कपडे, चाल, चपला लग्नातल्या कुठल्याही पाहुण्यासारख्या ठेवा: फिकट शर्ट, काळी पँट, पायात सँडल. तो कोण हे शेवटपर्यंत सांगू नका. भगत, करणी, हडळ यांतलं काहीही आणू नका. आपल्या प्रेक्षकाला ‘भूत आहे’ एवढा इशारा मिळाला की तो नियम शोधायला लागतो: लिंबू चालेल का, मारुतीचं देऊळ कुठे आहे. माणसाच्या भीतीला असा उतारा नसतो.

जुन्या स्लॅशरमध्ये प्रेम करणारी जोडपी आधी मरतात आणि सरळमार्गी मुलगी वाचते. या शेवटच्या मुलीला अमेरिकी अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये ‘फायनल गर्ल’ हे नाव दिलं. हा क्रम गावात जसाच्या तसा आणला तर चित्रपट प्रेमविवाहाविरुद्ध शिक्षा सुनावतोय असं दिसेल, आणि ते मला मान्य नाही. मरणारी माणसं कामावरून ठरवा. लग्नघरात एकट्याने जायची कामं भरपूर असतात: जनरेटरला डिझेल घालणं, बर्फाची लादी आणणं, पाण्याच्या कॅन गाडीतून उतरवणं, जानवशात विसरलेला अंतरपाट आणणं. प्रत्येक माणूस आपलं काम करायला जातो आणि ते काम अर्धवट राहतं. बर्फ का आला नाही म्हणून पंगतीत ओरड होते. मृत्यूची बातमी कळायच्या आधी त्याची अडचण सगळ्यांना जाणवते, त्याने वाट पाहणं दुप्पट लांबतं.

फोनचा प्रश्न ‘नेटवर्क नाही’ म्हणून सोडवला की प्रेक्षकाचा विश्वास उडतो. आज बहुतेक गावांत थोडंफार नेटवर्क असतंच. लग्नघराचं खरं चित्र वेगळं असतं. चार्जिंगचे पॉइंट कमी आणि पाहुणे जास्त, म्हणून एका खोलीत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर पंधरा-वीस फोन टेकवलेले असतात. नायिकेचा फोन तिथे ठेवा. त्या खोलीत जाणं हा एक प्रसंग होतो आणि वीस फोनांच्या ढिगात एकाच वेळी उजळणारे स्क्रीन हा दुसरा.

फोन आणखी एक मोठं काम करतो. लग्नाच्या ग्रुपवर दिवसभर फोटो येत असतात. रात्री ती एकटी बसून ते सरकवत असताना तिला दिसतं: हळदीच्या फोटोत मागे तो माणूस, पंगतीच्या फोटोत खांबाजवळ तो, लेकरांच्या सेल्फीत खिडकीबाहेर तो. दुपारी तिला एकटीला दिसलेला माणूस सगळ्यांच्या फोनमध्ये होता आणि कोणी पाहिला नाही. हे फोटो शेवटी संगणकावर जोडू नका. त्या त्या प्रसंगाचं चित्रीकरण चालू असतानाच दुसऱ्या फोनने खरे काढा. नाहीतर उजेड आणि सावल्या जुळत नाहीत आणि फोटो बनावट दिसतो.

भर दुपार

भयपटाला रात्रच लागते हा समज खर्चिक आहे. १९७४ चा ‘द टेक्सस चेनसॉ मॅसकर’ टेक्ससच्या कडक उन्हाळ्यात चित्रित झाला आणि त्यातले कितीतरी भयाण क्षण लख्ख उन्हातले आहेत. आपल्याकडे मेमध्ये दुपारी बारा ते चार गल्लीत कुत्रंही दिसत नाही. रस्ता रिकामा करायला कोणाला सांगावं लागत नाही आणि दिव्यांचं भाडं शून्य.

नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या जरा वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सावली पायाखाली जाते. त्या वेळी उभ्या माणसाच्या भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि दुपट्ट्याच्या फटीत डोळ्यांच्या जागी नुसता काळोख राहतो. मूळ चित्रपटाने दोन डॉलरच्या आतला, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारी मुखवटा घेतला, भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला. तो सगळा खटाटोप कोऱ्या चेहऱ्यासाठी आणि काळ्या डोळ्यांसाठी होता. आपल्याला ते काम सूर्य करून देतो, फक्त पावणेबारा ते पाऊण एवढ्याच वेळात. त्यानंतर ऊन तिरपं होतं, डोळे दिसायला लागतात, आणि डोळे दिसले की तो कोणाचा तरी काका वाटतो.

नायिकेला मात्र त्या उन्हात उभी करू नका. तिला छपरीत किंवा मांडवात ठेवा. मांडवावर हिरवी नेट असेल तर चेहरे हिरवे पडतात आणि तो रंग नंतर नीट निघत नाही. बिछायत केंद्रातून (मांडवाचं सामान भाड्याने देणारं दुकान) १० बाय १० फुटांचं पांढरं कापड आणून तिच्या डोक्यावरच्या भागात नेटखाली ताणून बांधा.

दुपट्टा पांढरा सुती घ्या, पण कोरा पांढरा उन्हात कॅमेऱ्यावर जळतो. घड्या आणि विण दिसत नाही, नुसता पांढरा डाग उरतो. पाच लिटर पाण्यात ५० ग्रॅम चहापत्ती उकळून गाळा, मूठभर मीठ टाका, दुपट्टा वीस मिनिटं बुडवा, साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. ओला असताना जास्त गडद दिसतो, वाळल्यावर फिका होतो, म्हणून एक कोपरा आधी करून पाहा. सारखे चार दुपट्टे एकाच पाण्यात रंगवा: दोन स्वच्छ, एक मळका, एक रक्ताचा. बांधायची पद्धत एकच ठेवा आणि फोटो काढून ठेवा. गाठ कधी डावीकडे, कधी उजवीकडे झाली तर संकलनात माणूस बदलल्यासारखा दिसतो.

आता अंतर. फोनच्या मुख्य लेन्सने (साधारण २४ मिमी) आडवी रुंद चौकट, म्हणजे २.३५ ला १, धरली तर ७० फुटांवरचा माणूस चौकटीच्या उंचीच्या सुमारे एक अष्टमांश येतो. दुप्पट झूमच्या लेन्सने तेवढाच माणूस १४० फुटांवर मिळतो. सहा इंची फोनवर चित्रपट पाहताना एक अष्टमांश म्हणजे सात-साडेसात मिलिमीटरची आकृती. याहून लहान झाला तर फोनवर पाहणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि आज बहुतेकांचा पडदा फोनच आहे. मूळ चित्रपट मोठ्या पडद्यासाठी रचला होता. तिथली अंतरं तशीच उचलली तर खुनी हरवतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मागचं धूसर करणं. नायिकेचा चेहरा स्पष्ट आणि मागे मऊ धुकं अशी चौकट लग्नाच्या व्हिडिओत छान दिसते. स्लॅशरमध्ये मात्र मागचं सगळं स्पष्टच हवं, कारण प्रेक्षकाने तिथेच शोधत राहायचं आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, छिद्र एफ ८, फोकस १७ फुटांवर ठेवला की साडेआठ फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर १/५० सेकंद ठेवा, चित्रगती सेकंदाला २५ चौकटी. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने मांडवातले दिवे मग लुकलुकत नाहीत. एफ ८ ला मेच्या उन्हात एनडी ८ फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) पुरतो. फोनचं छिद्र बदलत नाही, म्हणून त्याला एनडी ६४ लागतो. तो नसेल तर फोन शटरचा वेग स्वतःच वाढवतो आणि चालणारा माणूस झटके खात चालल्यासारखा दिसतो.

बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. पाच मिनिटं चित्रीकरण आणि दहा मिनिटं सावली, हे वेळापत्रकातच लिहा. कव्हर काढा, फ्लाइट मोड लावा, कॅमेऱ्यावर छत्री धरा. बर्फावर ठेवू नका. लेन्सच्या आत बाष्प धरतं आणि दिवस वाया जातो. माणसांना हाच नियम जास्त कडक लावा. दुपट्टा बांधलेल्या नटाला सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त उन्हात उभं करू नका, ओआरएसचं पाणी हाताशी ठेवा. घाम थांबला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर चित्रीकरण तिथेच बंद: सावली, अंगावर ओलं कापड, वारा, आणि थेट प्राथमिक आरोग्य केंद्र.

कूलर

विदर्भातल्या घरात मेच्या दुपारी एकच आवाज असतो, कूलरचा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला पत्र्याचा कूलर, तिन्ही बाजूंना ओल्या गवताच्या ताट्या, आत पंख्याची घरघर आणि टाकीत पाणी ठिबकणं. या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत, दार उघडलेलं कळत नाही, शेजारच्या खोलीतली हाक पोचत नाही. जुन्या चित्रपटातलं बंद घर आपल्याकडे नाही. ते काम कूलरचा आवाज करतो.

प्रसंग असा रचा. खोलीत ती लेकरांना निजवते आहे. कूलरची घरघर ४० सेकंद अखंड चालू द्या, प्रेक्षकाचा कान तिला सरावला पाहिजे. मग लाईन जाते. पंखा एकदम थांबत नाही, पाती गतीने फिरत मंदावतात, सात-आठ सेकंद लागतात, आणि शेवटी फक्त ताटीतून पडणारे थेंब उरतात. त्या शांततेत कूलरच्या मागच्या बाजूला, बाहेर, चपलेखाली खडी वाजते. ताटीतून येणाऱ्या उजेडाचा एक पट्टा काळा होतो. कॅमेरा खोलीतच ठेवा, बाहेरचा शॉट घेऊ नका. लाईन परत येते, कूलर चालू होतो, आणि आता प्रेक्षकाला पुन्हा काहीच ऐकू येत नाही. तेव्हा तो खरा घाबरतो.

चित्रीकरणाच्या वेळी कूलर बंदच ठेवा, नाहीतर एकही संवाद हाती येणार नाही. कूलरचे आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करा: खोलीच्या मधून, दाराबाहेरून, आणि बंद होताना अगदी जवळून, प्रत्येकी तीन मिनिटं. ताटीमागची सावली दिसायला बाहेर ऊन हवं किंवा ५० वॅटचा एलईडी फ्लड ताटीपासून सहा फुटांवर. गवत दाट असेल तर सावली कळत नाही. मधल्या फुटभर जागेतलं गवत विरळ करा. एक काळजी कटाक्षाने घ्या. कूलरच्या पत्र्यात वीज उतरून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. नटाला कूलरजवळ पाठवायच्या आधी प्लग काढून बाजूला ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

रात्र आणि चादरी

मूळ चित्रपटात रात्री दारं बंद होतात. मेमध्ये आपल्याकडे उलट आहे: सगळे बाहेर झोपतात, अंगणात, गच्चीवर, मांडवात. हे टाळायला घरात एसी वगैरे आणू नका. उघड्यावर झोपणं हीच आपल्या चित्रपटाची रात्र आहे. बिछायतीच्या गाद्या एका रांगेत, त्यावर लेकरं, अंगावर मच्छरांसाठी ओढलेल्या पांढऱ्या चादरी. संध्याकाळी आजी मोजते: आठ. हा मोजण्याचा प्रसंग हलका आणि गोड ठेवा, दोन लेकरं जागा बदलतात, तिला पुन्हा मोजावं लागतं; म्हणजे आकडा प्रेक्षकाच्या डोक्यात बसतो. रात्री नायिका त्याच रांगेजवळून पाणी घेऊन जाते. कॅमेरा स्थिर, पूर्ण रांग चौकटीत, किमान २० सेकंद. नऊ चादरी. आठ हलताहेत, कारण उकाड्यात आणि मच्छरांत कोणी निवांत झोपत नाही. एक हलत नाही. संगीत नको, जवळचा शॉट नको, तिचं लक्षही जायला नको.

चांदण्यासाठी ६५०० केल्विनचे एलईडी फ्लड १५ फूट उंचीवर, शक्यतो शेजारच्या गच्चीवरून, एकाच दिशेने. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४००० वर ठेवला की उजेड निळा येतो. मांडवातल्या पिवळ्या माळा मागे राहू द्या. जनरेटर १०० फुटांहून लांब आणि घराच्या आडोशाला ठेवा, नाहीतर त्याची धडधड प्रत्येक शॉटमध्ये येईल.

हत्यार, रक्त, परवानगी

हत्यार आचाऱ्याच्या चुलाणाजवळचं असावं. कांदे चिरायची मोठी सुरी सगळ्यांनी दुपारी पाहिलेली असते. खरी सुरी फक्त एकट्या सुरीच्या शॉटला. माणसाजवळ येणारी सुरी ५ मिमी सनबोर्डची (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याची) करा, फ्लेक्सवाल्याकडे तुकडे मिळतात. त्यावर रुपेरी व्हिनाईल चिकटवा आणि कडा पॉलिश पेपरने गोल करा. जास्त चकाकली तर पात्यावर पावडर लावा.

एक लिटर रक्तासाठी ७०० मिली लिक्विड ग्लुकोज (बेकरीचं सामान मिळतं तिथे), २५० मिली कोमट पाणी, दोन चहाचे चमचे खाण्याचा लाल रंग, एक मोठा चमचा कोको पावडर, निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब. कोको आधी थोड्या पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात. कोको कमी पडला तर उन्हात रक्त गुलाबी सरबत दिसतं. कपड्यावर लावायच्या रक्तात भांड्याच्या साबणाचे काही थेंब टाकले तर डाग लवकर निघतो. तोंडात जाणाऱ्या रक्तात साबण अजिबात नको. मेच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटांत त्यावर चकचकीत साय धरते, म्हणून पाण्याचा फवारा जवळ ठेवा. आणि मुंग्या येतातच; नट जमिनीवर पडून राहणार असेल तर खालच्या सतरंजीभोवती हळदीची रेघ ओढा आणि शॉट लवकर आटपा. सगळ्या चित्रपटाला अर्धा-पाऊण लिटर पुरावं. जास्त लागत असेल तर पटकथा तपासा.

तोंड झाकलेला, हातात सुरी घेतलेला माणूस गावात खरोखर हिंडवणं धोक्याचं आहे. पोलीस ठाण्यात तारखा आणि वेळांसह लेखी अर्ज द्या, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीला प्रत द्या, आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगा आणि गावाच्या ग्रुपवर नटाचा उघड्या चेहऱ्याचा फोटो त्याच्या संमतीने टाका. रस्त्यावरच्या प्रत्येक शॉटला त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर गावातलाच एक ओळखीचा माणूस ठेवा. शॉट संपताक्षणी दुपट्टा सोडायचा आणि सुरी पिशवीत टाकायची.

नट झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या पट्ट्यात, मिळतील. वडसा आणि आसपासची नाटकमंडळं दिवाळीनंतर धानकापणी आटोपली की हंगामभर गावोगाव फिरतात. मेमध्ये बरेच कलावंत मोकळे असतात. हजारोंच्या गर्दीपुढे रात्रभर उभं राहण्याची त्यांची ताकद मोठी आहे, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय कॅमेऱ्याजवळ जड होते. तालमी एका लहान खोलीत घ्या, समोरचा माणूस तीन फुटांवर बसवून. संवाद गावच्याच बोलीत ठेवा, आणि ही बोली फक्त हसवणाऱ्या पात्राला देऊ नका. जीव मुठीत धरून पळणारी मुलगीही त्याच बोलीत ओरडते.

संगीताविना दाखवला तेव्हा आपला चित्रपट घाबरवत नव्हता असं ‘हॅलोविन’चा दिग्दर्शक जॉन कारपेंटरने स्वतः सांगितलं आहे. त्याने मग पाच मात्रांची साधी धून वाजवली; पाचवी मात्रा आली की कान अडखळतो. ती धून उचलू नका. पाच मात्रांचा ठेका एकट्या डफड्यावर वाजवून घ्या, वरातीच्या डफड्याहून निम्म्या गतीने. दिवसभर ऐकलेला आनंदाचा आवाज रात्री चुकीच्या मोजणीत परत येतो. डीजेची गाणी मागे राहू देऊ नका, त्यांचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. वार करण्याच्या आवाजासाठी ‘सायको’त खरबुजात सुरी खुपसली होती. मेमध्ये नदीकाठच्या वाडीवरचं डांगर, म्हणजे आपल्याकडचं खरबूज, स्वस्तात मिळतं. पिकलेलं नको, ते मऊ वाजतं. अर्धकच्चं घ्या आणि माइक एक फुटावर धरा.

पहिली जोडणी झाली की चित्रपट न पाहिलेल्या आठ-दहा जणांना बोलवा. आवाज बंद करा आणि प्रत्येकाला आपापल्या फोनवर पाहायला द्या. दुपट्टेवाला दिसला की हात वर करायचा, एवढंच सांगा. पहिल्या दोन वेळा एक-दोन हात वर जायला हवेत, तिसऱ्या वेळी निम्मे, त्यानंतर सगळे. पहिल्याच वेळी सगळ्यांनी हात वर केला तर तो चौकटीच्या मधोमध आहे; कडेला सरकवा. तिसऱ्या वेळी कोणीच केला नाही तर शॉट दोन-तीन सेकंदांनी वाढवा, आणि तरी दिसत नसेल तर पुढच्या मेची वाट न पाहता तो शॉट याच आठवड्यात वीस फूट जवळून पुन्हा घ्या. चादरींचा प्रसंग भर दुपारी अंगणात बसूनही एकदा फोनवर पाहा. नववी चादर तिथे दिसत नसेल तर रंगसंस्कारात (कलर ग्रेडिंग) सावल्यांचा भाग उजळावा लागेल.